हाफ डे पुरेल का?

परवा रात्री साडेनऊला मावसबहिणीचा फोन आला. बडोद्यातच दांडिया बाजारात राहते, माझ्याहून चार वर्षांनी लहान, एरवी फोन करते ती फक्त कुणाकडे हळदीकुंकू आहे नाहीतर कुणाचं लग्न ठरलं ते सांगायला. ह्यावेळी आवाज जरा खालचा. "अगं ऐक ना, पुढच्या मंगळवारी माझं ऑपरेशन ठरलंय, गर्भपिशवीचं, दुर्बिणीतून. मॅडम म्हणाल्या दीड-दोन तासांचं काम आहे. मग ह्यांनी हाफ डे टाकला तर पुरेल ना?"

हाफ डे! मला हसूच आलं, मग तिला वाटलं मी तिच्या दुखण्याला हसतेय, म्हणून ती रुसली, तिची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली आणि त्यानंतर पाऊण तास मी तिला जे काय सांगितलं तेच आता इथे टाइप करतेय, कारण हाच प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला चार-पाच जणींनी तरी विचारलाय. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते. पण ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर बसून घड्याळ बघायचा आणि त्याच दारातून स्ट्रेचरवर आडवं पडून आत जायचा, असा दोन्हीकडचा अनुभव गाठीला आहे.

पहिला अनुभव ताईचा, २०२२ चा. वर्षभर तिच्या अंगावरून इतकं जात होतं की हिमोग्लोबिन सातवर आलेलं, जिना चढली की धाप. सोनोग्राफीत चांगली मोठी फायब्रॉइडची गाठ निघाली. गोळ्या झाल्या, ती हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी असते ती बसवून झाली, दोन महिन्यांत ती आपोआप पडून गेली, मग लोहाची सलाईनं लावून आधी हिमोग्लोबिन दहाच्या वर आणलं आणि मग ठरलं की पिशवी काढायची. ताईची अट एकच होती, रक्षाबंधन होऊ दे. आणि डॉक्टरांना तिने प्रश्न पण एकच विचारला, नवरात्रीत गरबा खेळता येईल ना? (करोनाची दोन वर्षं गरबा नीट झालाच नव्हता, बडोद्याच्या बाईला ह्याहून मोठं संकट नाही.) मॅडम हसल्या, म्हणाल्या बघू. भावोजींनी विचारलं किती वेळ लागेल, त्यावर "एकाद-दीड कलाक". झालं. दीड तास हा आकडा आमच्या घरात देवाच्या वचनासारखा बसला. भावोजींनी त्याच दिवशी दुपारी एक वाजता कुठल्या तरी पार्टीला भेटायला बोलावून ठेवलं होतं, विचार करा.

मी हिशोबी बाई, हातात काहीतरी लागतंच. मेडिकलच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी वेळा लिहीत बसले. तो कागद अजून माझ्याकडे आहे, ताईच्या फाइलमध्येच ठेवलाय. सकाळी ८:४० ला ताईला रूममधून नेलं. तिने जाताना मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि बांगड्या निघेनात म्हणून सिस्टरने साबण लावला. ९ वाजता दाराबाहेरची लाल लाइट लागली, आम्ही म्हटलं सुरू झालं. दीड तास म्हणजे साडेदहा. साडेदहा झाले. अकरा झाले. भावोजी तीनदा पार्किंगमध्ये जाऊन आले. आईने हनुमान चालिसा संपवून रामरक्षा घेतली, ती संपली, मग पुन्हा पहिल्यापासून. साडेअकराला मी धीर करून दार जरा ढकललं तर आतून सिस्टर म्हणाली, "हजी वार लागशे, बेसो ने बेन." एवढंच. का वेळ लागणार, ताई कशी आहे, काही नाही. आईचा चेहरा बघवत नव्हता. मला आजही त्या सिस्टरचा राग येतो, म्हणजे तिचा असा नाही, पण एका वाक्यात सांगायला काय जातं, की बाई, तुमचं पेशंट सुरूच उशिरा झालंय.

हो, कारण नंतर कळलं ते हेच. ती लाल लाइट ताईची नव्हतीच. मध्येच एक इमर्जन्सी सिझेरियन आलं होतं, आणि बाळाला थोडंच सांगता येतं थांब म्हणून, त्यामुळे ताई आतल्या खोलीत, पण ओटीच्या बाहेरच, तासभर नुसती पडून होती, एसीत कुडकुडत, छताकडे बघत. आम्हाला वाटतंय चिराफाडी चाललीये, आणि तिथे ताई शेजारच्या आयाबाईशी गप्पा मारतेय की तुमचं गाव कुठलं, पादरा का डभोई.

साडेबाराला दार उघडलं आणि हिरव्या कपड्यातली एक मुलगी स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी घेऊन आली, दाखवायला. आपल्याकडे हे करतातच, काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायचा. भावोजी दोन पावलं मागे सरकले, आई पुढे सरकली. गाठ अख्खी नव्हतीच, कापून काढलेले तुकडे होते, मला वाटलं संपलं एकदाचं. मी कागदावर १२:३० लिहून खाली दोन रेघा मारल्या. पण कुठलं काय. त्यानंतर जवळजवळ दोन तास ताई बाहेर आली नाही. पिशवी बाहेर आणि बाई आत, आणि आम्ही तिघं बावळटासारखे. २:२० ला तिला रूममध्ये आणली. सकाळी ८:४० ते दुपारी २:२०, म्हणजे पाच तास चाळीस मिनिटं. भावोजींची एकची पार्टी कधीच निघून गेली होती.

आता गंमत ऐका. महिन्याभराने मेडिक्लेमसाठी फाइलची झेरॉक्स काढत होते, त्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांचा चार्ट असतो, दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, सगळं टिंब टिंब करून लिहिलेलं. त्यात वेळा होत्या. ओटीत घेतलं १०:१०. पहिला छेद १०:५५. शेवटचा टाका १:००. रिकव्हरीत नेलं १:२५. म्हणजे खरं ऑपरेशन, डॉक्टर ज्याला ऑपरेशन म्हणतात ते, दोन तास पाच मिनिटं. दीड तासाच्या जागी दोन तास पाच, फार काही चुकलं नव्हतं बिचारीचं. चुकलं ते आमचं, कारण डॉक्टर एका घड्याळातून बोलत होत्या आणि आम्ही दुसऱ्याच घड्याळाकडे बघत होतो. त्यांचा वेळ सुरू होतो सुरी लागली की आणि थांबतो शेवटच्या टाक्याला. आपला सुरू होतो माणूस दाराआड गेलं की आणि थांबतो ते परत दिसलं की. ह्या दोन्हीतल्या फरकात आई दोनदा रामरक्षा म्हणते.

मग मला खाजच सुटली की मधला वेळ जातो कुठे. ताईच्या फॉलोअपला मी मुद्दाम गेले आणि मॅडमना विचारलं. त्या बोलायला मोकळ्या आहेत, फक्त ओपीडीत गर्दी नसली पाहिजे. त्यांनी हातातल्या पेनाने टेबलावर ओटी काढून दाखवली.

ओटीत घेतल्यापासून पहिल्या छेदापर्यंतची ती पंचेचाळीस मिनिटं. सलाईन लावायचं, छातीला तारा, बोटाला तो चिमटा, मग भूल. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण बेशुद्ध करतात, घशात नळी घालून, कारण पोटात गॅस भरला की श्वासाचा पडदा वर दाबला जातो आणि डोकं खाली, पाय वर अशी तिरकी पोझिशन दिलेली असते, म्हणून श्वास मशीनच्या ताब्यात असलेला बरा. मग लघवीची नळी. मग पाय आधारावर नीट ठेवायचे, हे त्या म्हणाल्या घाईत कधीच करायचं नाही, कारण पाय वेडेवाकडे अडकले तर दोन तासांनी नस दबून पाय बधिर व्हायची भीती असते. मग पोट धुवायचं, कपडे अंथरायचे, कॅमेरा, लाइट, गॅसची नळी, करंटची तार, सगळं जोडून तपासायचं. मग सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं, पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, अॅलर्जी आहे का. तोपर्यंत बाहेर बसलेल्यांचे नऊ महिने भरलेले असतात.

मग बेंबीतून छोटा छेद, सुईतून कार्बन डायऑक्साइड गॅस, पोट फुग्यासारखं. गॅसचा दाब साधारण १२ ते १५ ठेवतात, बीपी मोजतात त्याच मापात. एका भोकातून कॅमेरा, बाकी दोन-तीन भोकांतून हत्यारं, ती पाच मिलिमीटरची, म्हणजे आपल्या पेन्सिलीहून बारीक. कॅमेरा आतल्या उबेने धुरकट होतो, चष्मा घालून भाकरी भाजताना होतो ना तसा, तो मध्ये मध्ये काढून गरम पाण्यात बुडवून पुसायचा. अशी बारीक बारीक मिनिटं.

आणि ताईची खरी मिनिटं कुठे गेली तर तिच्या दोन सिझेरियनमध्ये. एक २००१ चं, एक २००५ चं. जुन्या टाक्यांच्या जागी लघवीची पिशवी गर्भपिशवीला चिकटून बसली होती, चांगली घट्ट. मॅडम म्हणाल्या, ती चिकट सोडवायला मला पाऊण तास लागला, आणि मी तो दीड तास पण घेतला असता, कारण तिथे घाई केली आणि लघवीच्या पिशवीला भोक पडलं की मग तुमच्या बहिणीला आठवडाभर नळी लावून घरी पाठवावं लागतं. हे ऐकल्यावर त्या अकरा ते साडेबाराच्या वेळेबद्दलचा माझा राग विरघळला. पोटात काय चिकटलंय हे सोनोग्राफीत नीट कळत नाही, आत बघितल्यावरच कळतं, म्हणून आधी सांगितलेला आकडा हा नेहमी अंदाजच असतो. त्यांनी दीड तास सांगितला तो सरळ केसचा. चूक म्हणाल तर एवढीच की "सिझेरियन दोन आहेत, वाढू शकतं" हे वाक्य पुढे जोडायला हवं होतं.

आणि ट्रेमध्ये पिशवी दाखवल्यानंतरचे ते दोन तास? पिशवी खालच्या वाटेने बाहेर काढतात, पोट न फाडता. मोठी असेल तर सालं काढत काढत, तुकडे करून काढावी लागते, त्यात पण वेळ. पूर्वी पोटाच्या आतच यंत्राने तिचा कीस करायचे, पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने धोक्याचा इशारा दिला की गाठीत न कळलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरतो, तेव्हापासून जास्त जपून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वगैरे करतात. पिशवी निघाली की त्या खालच्या वाटेचं वरचं तोंड आतून शिवायचं, चिमट्यांनी, टीव्हीकडे बघत, सुई धरून. मॅडम म्हणाल्या नवीन डॉक्टरला सगळ्यात जास्त वेळ ह्याच शिवणीला लागतो. मग सगळीकडे रक्त थांबलंय का बघायचं, गॅसचा दाब कमी करून पुन्हा बघायचं कारण दाबाखाली बारीक शीर दबलेली असते आणि दाब काढला की गळायला लागते. मग कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजायची. मग गॅस सोडायचा, भोकांना टाके. मग भूल उतरवायची, ते तर पूर्ण पेशंटच्या हातात, कुणी पाच मिनिटांत डोळे उघडतं, कुणी वीस लावतं. मग रिकव्हरीत तासभर नजरेखाली, आणि मग रूम. त्यात आमच्या लिफ्टला दहा मिनिटं लागली ते वेगळंच.

तर मावसबहिणीला मी म्हटलं, डॉक्टरांना "ऑपरेशन किती वेळ" असं विचारूच नकोस. विचार, "रूममधून नेल्यापासून रूममध्ये परत येईपर्यंत किती?" आणि दुसरं विचार, "त्या दिवशी माझा नंबर कितवा आणि मागे राहिले तर बाहेर कोण येऊन सांगणार?" हे दोन प्रश्न विचारले असते तर आमच्या आईचं बीपी त्या दिवशी १७० ला गेलं नसतं.

आता ज्या ज्या बायकांनी मला विचारलं त्यांची ऑपरेशनं पण वेगवेगळी, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावू नका. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन दुर्बिणीतून वीस-तीस मिनिटांत होतं. खालून नुसती दुर्बीण घालून पिशवीच्या आत बघायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं, छोटा पॉलिप, म्हणजे आतला मांसाचा कोंब, काढायचा तर अर्धा तास धरा. मूल होत नाही म्हणून पोटात दुर्बीण घालून नळ्या उघड्या आहेत का बघतात ते अर्धा-पाऊण तास. सिस्ट, म्हणजे अंडाशयातली गाठ, काढायची तर पाऊण ते दीड तास. पिशवी काढायची तर एक ते दोन, चिकट-गाठ असेल तर तीन पण. आणि ज्यात पिशवी ठेवून फक्त गाठी काढतात ते अनेकदा पिशवी काढण्यापेक्षा जास्त वेळ खातं, हे लोकांना पटतच नाही, "अर्धंच काम मग जास्त वेळ कसा?" अहो, फणसातले गरे काढून फणस पुन्हा शिवून ठेवायचाय, पुढे त्यात मूल वाढायचंय, म्हणून थराथराने शिवतात. पाच गाठी म्हणजे पाच ठिकाणची शिवण. आणि एंडोमेट्रिओसिसचं (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) तर विचारूच नका, आमच्या ब्रँचमधल्या एकीच्या मुलीचं झालं, आतडं पण चिकटलेलं, पोटाचे सर्जन वेगळे बोलावले, सकाळी आत गेलेली मुलगी, तिची आई संध्याकाळचा दिवा कॉरिडॉरमध्ये मनातल्या मनात लावत होती.

एक मात्र गैरसमज सगळीकडे दिसतो, भोकं छोटी म्हणजे काम झटपट. उलटं आहे. पोट उघडून पिशवी काढायला बहुतेकदा कमी वेळ लागतो, दुर्बिणीतून जास्त. आणि खालच्या वाटेने, दुर्बीण नाही काही नाही, असं जुन्या पद्धतीचं काढतात ते जमण्यासारखं असेल तर अजूनही पहिली पसंती त्यालाच देतात, वेळ पण कमी, पण त्याचं नाव घेतलं की लोकांना ते गावठी वाटतं. दुर्बिणीत वेळ वाचतो तो टेबलावर नाही, नंतर, घरी. पोटावर आडवा मोठा छेद असला की चार-पाच दिवस हॉस्पिटल आणि खोकताना उशी धरून रडणं, दुर्बिणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. म्हणजे सर्जनने ओटीत तास जास्त घालायचा आणि बाईने घरचे दोन-तीन आठवडे वाचवायचे, असा तो सौदा.

मध्ये एक जरा भटकते. हे सगळं सुरू केलं ते स्त्रीरोगवाल्यांनीच. जर्मनीत कील नावाच्या गावात कुर्ट सेम म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवलं, आणि सर्जन लोक त्यांच्यावर तुटून पडले की हे काय पोरखेळ. पिशवी दुर्बिणीतून पहिल्यांदा काढली १९८८ मध्ये अमेरिकेत, हॅरी राइश ह्यांनी. आणि लांबच्या वेळाचं म्हणाल तर पुण्यात मे २०१७ मध्ये भारतातलं पहिलं गर्भाशयाचं प्रत्यारोपण झालं, आईची पिशवी दुर्बिणीतून काढून लेकीला लावली, तेव्हा नऊ तासांच्या आसपास लागले होते. त्याच हॉस्पिटलात ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा लावलेल्या पिशवीतून मुलगी जन्मली, ती बाळंतीण आपल्या गुजरातची, तिलाही पिशवी तिच्या आईचीच. भावोजींना मी हे मुद्दाम सांगितलं होतं, की तुम्ही पाच तासांत एवढे पार्किंगच्या खेपा घालत होतात.

आता आतली बाजू. २०२४ च्या फेब्रुवारीत माझा नंबर लागला. डाव्या बाजूला सहा सेंटीमीटरची सिस्ट, डर्मॉइड म्हणतात ती, जिच्यात केस असतात, चरबी असते, कधी दात पण. ऐकूनच शिसारी येते ना, मला पण आली, दोन दिवस मी भातात पडलेला केस काढताना विचार करत बसायचे. ह्यावेळी मी तयारीत होते. विचारून घेतलं, पहिला नंबर सकाळी आठचा माझाच, टेबलावर अंदाजे एक तास, दाराआड तीन तास. रात्री अकरापर्यंत हलकं जेवायचं आणि सहापर्यंत घोटभर पाणी चालेल असं भुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण वॉर्डमधल्या सिस्टरने "कशुं ज नहीं", काहीच नाही, म्हणून तांब्याच उचलून नेला. चहाशिवाय सकाळ म्हणजे काय असते ते ज्याचं त्यालाच माहीत.

आणि मग आत, तो थंडपणा, वरचा गोल दिवा, कुणीतरी रेडिओ लावलेला, भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं बेन कुठे राहता, मी म्हटलं मांजलपूर, आणि ते म्हणाले अरे माझं पण सासर—

बस. पुढचं वाक्य होतं, "बेन, आँख खोलो, थई गयुं." झालं म्हणे. मधला वेळ नाहीच. शून्य मिनिटं. दुपारची झोप लागली तरी उठल्यावर काहीतरी वेळ गेल्यासारखं वाटतं, इथे ते पण नाही, फिल्मची रीळ कापून दोन टोकं चिकटवावीत तसं. माझी केस पन्नास मिनिटं चालली, नवऱ्याने बाहेर दोन तास पन्नास मिनिटं मोजली. (ती सिस्ट न फोडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढतात, आतला चिकट माल पोटात सांडला तर भरपूर पाण्याने धुवावं लागतं, म्हणून हळू हळू.) मी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल? किती वाजले. सगळे तेच विचारतात म्हणे.

मला दुखलं ते पोटात कमी आणि उजव्या खांद्यात जास्त. कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटलं हार्टचं काही झालं. तो उरलेल्या गॅसचा प्रताप, श्वासाच्या पडद्याला झोंबतो आणि एकाच नसेमुळे दुखतं खांद्यात. चाललं, फिरलं, गरम पाणी प्यायलं की दोन-तीन दिवसांत जातं. मावसबहिणीला हे मी दोनदा सांगितलं.

घरी यायचा वेळ हा पण ऑपरेशनच्या वेळेत धरा, कारण कॅशलेस. ताईच्या वेळी डॉक्टरांनी सकाळी नऊला "जाऊ शकता" म्हटलं आणि आम्ही निघालो संध्याकाळी पावणेसहाला, म्हणजे ऑपरेशनहून तीन तास जास्त नुसत्या कागदांचे. इन्शुरन्सकडून मंजुरी, मग एक प्रश्न, मग उत्तर, मग पुन्हा प्रश्न. २०२४ मध्ये विमा नियामकाने तीन तासांत डिस्चार्जची मंजुरी द्यायचा नियम केला, पण नियम मे महिन्यात आला आणि माझी सिस्ट फेब्रुवारीत निघाली, माझं नशीब. आणि पॉलिसी नवीन असेल तर आधीच बघून घ्या, पिशवी आणि फायब्रॉइडला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड असतो.

ताईचं पुढे काय झालं ते राहिलंच. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी गणपती आले. त्यांच्याकडे दीड दिवसाचा असतो. मॅडमनी सांगितलेलं, घरातल्या घरात फिरा, जिना हळूहळू चढा, पण सहा आठवडे जड उचलायचं नाही, बाकीचं पण नाही (हे सांगताना त्यांनी भावोजींकडे बघितलं आणि भावोजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे), कारण बाहेरची भोकं आठवड्यात भरतात पण आतली ती वरची शिवण पक्की व्हायला वेळ घेते, आणि आतलं दिसत नाही म्हणून बायका बादल्या उचलतात. तर ताई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मी, आई आणि तिच्या सासूबाई एकवीस मोदकांच्या पाकळ्या मोडत होतो. तिला वाटत होतं आपण ठणठणीत आहोत. चौथ्या मोदकाला स्वतःच उठली, उकडीचं पातेलं उचललं आणि सासूबाई जे ओरडल्या की पातेलं आपोआप खाली.

नवरात्र २६ सप्टेंबरला बसलं, तेव्हा सहा आठवड्यांना दोन-तीन दिवस बाकी. पहिल्या रात्री ती नुसती चणियाचोळी घालून खुर्चीत बसली. अष्टमीला तपासून घेऊन, मॅडमनी "धीमे धीमे" म्हटल्यावर, सोसायटीच्या गरब्यात दोन तालीत तीन फेऱ्या मारल्या आणि बाहेर येऊन पाण्याची बाटली मागितली. तिच्या हिशोबात ऑपरेशन त्या रात्री संपलं.

हे सगळं ऐकून मावसबहीण गप्प. मग म्हणाली, "म्हणजे हाफ डे नाही पुरणार." म्हटलं दोन दिवस पूर्ण टाकायला सांग, आणि डिस्चार्जच्या दिवशी पण. तुझी सिझेरियन किती? "एक." ते मॅडमना माहीत आहे ना? "फाइलमध्ये असेल की." असेल की नाही, तोंडाने सांग. हो म्हणाली. मग विचारते, "आणि तू येशील ना गं?" मी रजा टाकलीये. चार्जर, शाल, थेपले, आणि मेडिकलवाल्याकडून एक कोरं बिल मागून घेणार आहे, मागच्या बाजूला लिहायला.